दवाखान्याच्या गल्लीत गाड्या बंद

कोयनेचा भूकंप व्हायच्या दोनेक वर्षं आधीची गोष्ट. माझी पहिली नेमणूक नगरपालिकेच्या प्रसूतिगृहात झाली होती. गाव तालुक्याचं, सातारा-सांगली रस्त्यावरचं. मी मूळची माणमधली. वडील मुंबईला गिरणीत आणि आई गावाकडं शेळ्यांमागं. नर्सिंगचं शिक्षण सांगलीला झालं आणि थेट इथं आले. प्रसूतिगृह म्हणजे सहा खाटांची कौलारू इमारत, एक डॉक्टरीणबाई, एक आया आणि मी. मागच्या अंगाला माझी खोली.

प्रसूतिगृहाची गल्ली बाजारपेठेतून आत वळायची आणि पुढं बंद व्हायची. शेवटी गुरांना पाणी पाजायचा जुना दगडी हौद होता आणि हौदावर कडुनिंबाची सावली. एवढ्यामुळं बाजारच्या दिवशी आसपासच्या पंचवीस गावांच्या बैलगाड्या आमच्या गल्लीत शिरायच्या. जू उतरायचं, बैल चाकाला बांधायचे, पुढ्यात कडबा टाकायचा आणि माणसं बाजारात निघून जायची. दिवसभर घुंगरं, शेण, माशा. दोन बैल एकमेकांवर डुरकले की सगळ्या गल्लीत आरडाओरडा. माझी पाळी बहुधा रात्रीची असायची, त्यामुळं दुपारी पाठ टेकायची म्हटली तर डोळा लागायचा नाही. मुळातच मला एका जागी बसवत नाही. मी खोलीत येरझाऱ्या घालायची, दार उघडायची, लावायची, पुन्हा उघडायची.

एका बाजारी तर डॉक्टरीणबाईंचा टांगा गल्लीच्या तोंडाशीच अडकला. आत एक बाई अडली होती. डॉक्टरीणबाई साडीचा घोळ हातात धरून गाड्यांच्या दांड्या ओलांडत, शेणातून पाय उचलत आल्या. आल्या त्या थेट हात धुवायला. मी मात्र मनातून पेटले होते.

त्याच आठवड्यात दोघंजण माझ्या दारात आले. एक समोरच्या घरातले निवृत्त मास्तर आणि दुसरे कोपऱ्यावरचे वकील. मी घाबरलेच. मी कुठल्या गावची आणि गावातल्या कुठल्या आळीतली, हे गल्लीला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आम्ही बौद्ध झालो त्याला तेव्हा आठ-नऊ वर्षं होऊन गेली होती, पण गल्लीच्या हिशेबात तेवढ्यानं फार काही बदललं नव्हतं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. बाळंतपणाला हात माझाच लागायचा. रस्त्यात गाठ पडली की मात्र बायका पदर सावरून कडेनं जायच्या.

मास्तर म्हणाले, "नर्सबाई, जरा आमच्या ओसरीवर येता का? एक अर्ज करायचा आहे, त्यात तुमचा सल्ला हवा."

मी गेले. ओसरीवर गल्लीतली पाच-सहा पुरुषमाणसं बसली होती. मास्तरांनी आत हाक मारली आणि माझ्यासाठी खुर्ची आली. त्या गल्लीत मला कुणी बसायला खुर्ची द्यायची ती पहिलीच वेळ. वकिलांनी अर्ज वाचून दाखवला. गल्लीत बैलगाड्या उभ्या करण्यास मनाई करावी, गाड्यांसाठी ओढ्यापलीकडं गाडीअड्डा करावा, आणि बाजारच्या दिवशी पेठेतून एकेरी वाहतूक ठेवावी. खाली सह्या. वकील म्हणाले, "आम्ही नुसते घरवाले. आमचं कोण ऐकतं? प्रसूतिगृहाची सही पडली तर अर्जाला वजन येईल. तुम्हीही या गल्लीच्या रहिवासीच आहात की."

रहिवासी. हा शब्द मी मनात दोनदा घोळवला. मग सही केली, आणि अर्जात एक परिच्छेद माझ्या हातानं लिहून दिला. माशांमुळं जखमा चिघळतात, गोंगाटानं बाळंतिणीला झोप मिळत नाही, डॉक्टरला आत यायला वाट राहत नाही. त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्या टाके घालायच्या सुया उकळायला ठेवत होत्या. म्हणाल्या, "सही कशाला केलीस?"

"बाई, परवा तुम्हीच शेणातून आलात ना?"

"मी आले. माझे पाय धड आहेत." एवढंच बोलून त्या कामाला लागल्या. मला ते कुत्सित वाटलं. त्यांच्या बोलण्याचा अर्थ तेव्हा मी लावलाच नाही.

नगरपालिकेनं कचेरीच्या फळ्यावर जाहीर नोटीस लावली. ज्यांना हरकती अगर सूचना करायच्या असतील त्यांनी पंधरा दिवसांत लेखी द्याव्यात. गावात दवंडीही दिली. गावात म्हणजे गावातच. गाडीवाले राहायचे वाड्या-वस्त्यांवर, दोन-दोन कोसांवर, त्यांच्या कानावर ती कुठून जाणार? त्या पंधरा दिवसांत बाजार दोनच झाले आणि दोन्ही बाजारी गाडीवाले फळ्यासमोरून मिरचीची पोती वाहत गेले.

सुनावणी शाळेच्या मोठ्या वर्गात झाली. बाकं लहान पोरांची, त्यावर मोठी माणसं गुडघे आवळून बसलेली. टेबलामागं रहदारी समितीचे अध्यक्ष आणि दोन मेंबर. एकेरी वाहतुकीवर बरंच भांडण झालं. कापडवाल्याला गिऱ्हाईक डावीकडून यायला हवं होतं, भांडीवाल्याला उजवीकडून. टांगेवाले म्हणाले, आम्हाला वळसा पडेल. सायकलवाल्यांनी विचारलं, सायकल हातात धरून उलटं चाललं तर तो गुन्हा का? या प्रश्नावर समितीनं बराच वेळ घातला. गल्लीचा विषय आला तेव्हा सगळे दमले होते. वकिलांनी माझ्याकडं बोट केलं. मी उभी राहिले आणि माझा परिच्छेद वाचला. टाळ्या पडल्या.

मागं दाराशी एक गाडीवान उभा होता, हातात चाबूक, सहज डोकावलेला. तो म्हणाला, "आवं पर आमी बैलं पाजायची कुटं?"

"ओढ्यावर," एक मेंबर म्हणाले.

"उन्हाळ्यात वडा आटतो की."

"तेव्हाचं तेव्हा बघू," अध्यक्ष म्हणाले आणि ठराव मंजूर झाला.

महिन्याभरात गल्लीच्या तोंडावर पाटी लागली. पांढऱ्यावर काळी अक्षरं, बैलगाड्या आत नेण्यास सक्त मनाई. पाटीखाली बाजारच्या दिवशी नगरपालिकेचा एक शिपाई काठी घेऊन उभा राहू लागला. सैन्यातनं सुटून आलेला उंच, हडकुळा गडी. हुकूम म्हणजे हुकूम. गाडी दिसली की काठी आडवी.

गल्ली शांत झाली. हौदावर चिमण्या येऊ लागल्या. मास्तरांच्या सुनेनं एकदा मला आत बोलावून चहा दिला. वकिलांच्या घरच्या बायका दारातून विचारू लागल्या, "काय नर्सबाई, आज पेशंट किती?" मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. आणि तरीही दुपारी झोप येत नव्हती. आता शांततेतही मी येरझाऱ्या घालत होते.

कारण मला काही दिसू लागलं होतं. बाजारच्या दिवशी येणाऱ्या बायकांचे पाय घोट्यापर्यंत मातीनं भरलेले असायचे. गाडीअड्डा ओढ्यापलीकडं, तिथून चढ चढून, पेठेतल्या गर्दीतून त्या चालत यायच्या. कुणी सासूच्या खांद्यावर हात टाकून, कुणी भिंतीला धरून. एकीचं पाणी वाटेतच गेलं होतं. मी तिला विचारलं, "टांगा का नाही केला?" ती भिंत धरून खाटेकडं निघाली. मी मनाची समजूत घातली, की चालणं चांगलंच असतं, कळा लवकर येतात. आयेला तसं सांगितलंही. आया म्हातारी होती, या गावात तिचा जन्म गेला होता. ती म्हणाली, "व्हय बाई, पर तेबी मापात."

फाल्गुन असावा, कारण ऊन चढू लागलं होतं. बाजारचा दिवस, सकाळचे दहा-साडेदहा. मी जुनी लुगडी फाडून घड्या घालत होते, तोच सायकलच्या दुकानातला दुकानदार धावत आला. त्याचे हात ग्रीसनं काळे. "नर्सबाई, चला. माझ्या दुकानात एक बाई बसलीया. उठंना झालीया."

मी पिशवी उचलली आणि पळाले. गल्लीच्या तोंडापासून पन्नास पावलांवर त्याचं दुकान. आत जुन्या टायरांच्या ढिगाला टेकून एक पोरसवदा बाई अर्धवट बसली होती, दातात पदर धरून. शेजारी सासू. बाहेर नवरा उभा, त्याच्या हातात बैलाचा कासरा तसाच राहिलेला, बैल कुठंतरी मागं. मी हात लावून बघितलं आणि कळलं की आता कुठं न्यायचं नाही. बाळाचं डोकं दिसत होतं.

दुकानदारानं भराभरा दाराच्या फळ्या लावल्या, एक उजेडाला तेवढी उघडी ठेवली, आणि त्या फटीत आपलं खुंटीवरचं धोतर पडद्यासारखं धरून पाठमोरा उभा राहिला. मी पोती पसरली, त्यावर आमच्या घड्या. बाहेर बाजार चालू होता. कुणीतरी लसणाचा भाव पुकारत होतं. त्या पोरीनं तीन कळा दिल्या आणि मूल माझ्या हातात आलं. मुलगी. निळसर, गप्प. नाळ गळ्याभोवती होती. मी सोडवली, तोंड साफ केलं, पाय धरून उलटी केली, पाठीवर चापटी मारली. काही नाही. पुन्हा मारली. मग मी तोंडानं फुंकर घातली, लहान लहान, शिकवली होती तशी. किती वेळ गेला कोण जाणे. एकदम ती मांजरीसारखी कुईं करून रडली.

दुकानदार धोतराआडून ओरडला, "रडलं! रडलं!"

बाईला रक्तस्राव बराच झाला. डॉक्टरीणबाई आल्या, इंजेक्शन दिलं, मग दुकानाची फळीच काढून चौघांनी तिला उचलून प्रसूतिगृहात आणलं. संध्याकाळपर्यंत ती धोक्याबाहेर होती. मी हात धुतले, परत धुतले. सासू खाटेपाशी खाली बसली होती. मी तिला म्हटलं, "मावशी, इतक्या उशिरा कसं आणलंत?"

"उशिरा कुटं? आमी दिस उगवायच्या आदी निगालो. गाडीत निजवून आनली. हितं तोंडाशी त्या शिपायानं काटी घातली. म्हनला, गाडी आत न्हाई. माजा ल्योक पाया पडला. तर म्हनला, मी काय करू, हितल्या नर्सबाईंनी लिवून दिलंया, गोंगाट व्हतो म्हून." मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुमीच का वो त्या?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

ती म्हणाली, "बरं. पोरगी तुमीच काढली. त्येबी खरं." आणि सुनेच्या कपाळावरून हात फिरवत बसली.

मी तशीच उठून गल्लीच्या तोंडावर गेले. शिपाई तिथंच उभा होता. त्याला सगळं कळलं होतं. माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत तोच म्हणाला, "बाई, गाडीवर पडदा व्हता. आत बाळंतीन हाय का गूळ, मला कसं कळावं? लोक काय बी सांगत्यात. गाडी मागं वळली आन ती दुकानापाशी उतरली, तवा कळलं."

"आत बघायचं होतं."

"परक्याच्या बाईमानसाच्या गाडीत मी डोकावू? आन तुमच्या कागदावर तसं कुटं लिवलंय?"

त्याच संध्याकाळी मी मास्तरांच्या ओसरीवर गेले. वकीलही होते. घडलेलं सांगितलं. मास्तर खरोखर हळहळले, डोळे पुसले त्यांनी. मी म्हटलं, "मग नियम बदलायला हवा. पेशंटच्या गाडीला आत येऊ द्या."

वकील हळू आवाजात समजावू लागले. "बाई, एक गाडी आत सोडली की मागून दहा येतात. पुन्हा तेच शेण, त्याच माशा. तुम्हीच लिहिलं होतं ना? शिवाय हरकतींची मुदत केव्हाच संपली."

"मुदत संपली म्हणून बायका यायच्या थांबल्या का?"

"असं भावनेनं बोलून चालत नाही. अडल्यानडल्याला टांगा आहे."

"टांगेवाला खेड्यातल्या बाळंतिणीला घेतो का? गादी खराब होते म्हणतो. मी ऐकलंय."

मास्तर म्हणाले, "सहा महिन्यांनी फेरविचार आहेच. तेव्हा बघू. तोवर तुम्ही शांत राहा. आपल्या गल्लीची एकी मोडू नका."

आपल्या गल्लीची. मी उठले. त्या दिवसापासून मला चहाचं बोलावणं आलं नाही. माझं काही अडलं नाही, पण अडलं नाही असं म्हणणंही पूर्ण खरं नाही. दारातून जाता-येता मी त्या ओसरीकडं बघायची.

फेरविचाराची नोटीस पावसाळ्याच्या तोंडावर लागली. तीच भाषा, हरकती अगर सूचना, पंधरा दिवस. या वेळी मी ती हातानं उतरवून घेतली आणि बाजारच्या दिवशी ओढा ओलांडून गाडीअड्ड्यावर गेले. सगळीकडं चिखल, गाड्या आडव्यातिडव्या, माणसं गाडीखाली बसून भाकरी खात होती. मी एका दगडावर उभी राहून नोटीस मोठ्यानं वाचली. दोघा-चौघांनी माना वर केल्या आणि पुन्हा खाली घातल्या.

एक म्हातारा म्हणाला, "बाई, तुमीच बंद केलंसा न्हवं?"

"केलं. चुकलं माझं."

"मंग आता तुमीच उगडा. आमी कशाला?"

"मी एकटीनं बोलून नाही उघडायचं. तुम्ही आलात तर उघडेल."

"आमाला कोन बोलू देतंय तितं," दुसरा म्हणाला. "त्या दिशी ह्यो बोलला व्हता, वड्याचं पानी आटतं म्हून. काय झालं? तेवाचं तवा बघू म्हनले."

तो गाडीवान तिथंच होता, सुनावणीच्या दिवशी दाराशी उभा असलेला. तो हसला. "आन आटलं बी, बगा." मग तोच बाकीच्यांना म्हणाला, "आरं, बाई चिखलात येऊन उबी ऱ्हायलीया. जाऊ की गड्या. बोलू दिलं न्हाई तर न्हाई."

मी त्यांची हरकत लिहिली. कुणी सही केली, बहुतेकांनी अंगठे उठवले. शाई संपली तेव्हा सायकलच्या दुकानदारानं आपलं काळं ग्रीस आणून दिलं. नगरपालिकेतल्या कारकुनानं तो कागद हातात घेताना नाक मुरडलं, पण पोच दिली.

दुसऱ्या सुनावणीला वर्ग भरून माणसं व्हरांड्यात उभी होती. बाकांवर पुढं गल्लीकर, मागं मुंडासी. मी कुठं बसावं ते कळेना, म्हणून खिडकीशी उभी राहिले. अध्यक्षांनी आधीचा कागद काढला आणि माझा परिच्छेद सगळ्यांना वाचून दाखवला. माशा, जखमा, गोंगाट. मग दुसरा कागद वाचला. चष्मा काढून त्यांनी विचारलं, "नर्सबाई, दोन्ही अक्षरं तुमचीच. यातलं खरं कोणतं धरायचं?"

लोक हसले. माझे कान तापले. मी म्हटलं, "दोन्ही खरं आहे, साहेब. माशा होत्या. गोंगाट होता. ते मला माझ्या खोलीतून दिसलं, म्हणून मी लिहिलं. गाडीत कोण असतं ते मला खोलीतून दिसत नव्हतं."

वकील उठले. त्यांनी नियमाचं समर्थन फार चांगलं केलं, हे मी आजही कबूल करते. गावाला वळण लागत आहे, शिस्त एकदा सुटली की सुटली, अपवाद कुणी ठरवायचा. शेवटचा प्रश्न त्यांनी शिपायाकडं बघून विचारला, "याला काय डॉक्टरकी कळते?"

शिपाई दाराशी उभा होता. त्याला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. तो सावधान उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, मला डॉक्टरकी कळत न्हाई. पर त्या सा म्हयन्यात मी किती बाया खाली उतरिवल्या, ते मला म्हाईत हाय. एक तर माज्यासमोर पेठंत बसली. मला हुकूम द्या, का तूच बग आन तूच ठरीव. चुकलो तर मला जाब इचारा."

अध्यक्षांनी मेंबरांकडं बघितलं. मग मागून गाडीवाल्यांचा एकच कल्ला उठला, सगळे एकदम बोलू लागले, हौदाचं, उन्हाळ्याचं, चढाचं, काठीचं. कुणाचंच धड ऐकू येत नव्हतं. अध्यक्षांनी टेबल बडवलं. तासाभरानं ठराव झाला. पेशंटची गाडी प्रसूतिगृहाच्या दारापर्यंत जाईल, माणूस उतरवून लगेच परत फिरेल, उभी राहणार नाही. हौदाच्या पाण्याविषयी पुढच्या सभेत.

मला वाटलं, सुटलं. पण पुढच्याच बाजारी सकाळपासून गाड्या येऊ लागल्या आणि प्रत्येक गाडीत एक बाई निजलेली. कुणाच्या खाली कांद्याची पोती, कुणाच्या उशाला गुळाच्या ढेपा. एक बाई इतकी मनापासून कण्हत होती की मी हातातलं काम टाकून धावले. पदर बाजूला केला तर साठीची म्हातारी. मला बघून ती कण्हायची थांबली आणि म्हणाली, "बाई, बैलं तान्ह्याली व्हती वो." शिपाई माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. त्याला हसू आवरेना. मला मात्र रडू यायच्या बेतात होतं.

मास्तर ओसरीवरून म्हणाले, "बघा नर्सबाई, आम्ही काय सांगत होतो!" ते म्हणाले ते खरंच झालं होतं. वकिलांनी तर लेखी तक्रार केली, त्यात माझं नाव. डॉक्टरीणबाईंना जाब विचारला गेला. त्यांनी उत्तर काय पाठवलं ते मला पुढं कारकुनाकडून कळलं. त्यांनी लिहिलं होतं, खोट्या पेशंट तपासून परत पाठवायला प्रसूतिगृहाला वेळ आहे, खऱ्या पेशंटला चालायला नाही.

मी त्यांच्याजवळ विषय काढला. म्हटलं, "बाई, मी सही केली तेव्हा तुम्ही मला अडवलं का नाहीत?"

"अडवलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं."

"मग?" त्या म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटचा कागद मागितला.

पुढं समितीनं हौदाचं पाणी नळानं ओढ्यापलीकडं नेलं. त्यालाही वर्ष गेलं. पाणी तिथं मिळायला लागल्यावर म्हाताऱ्या कण्हायच्या बंद झाल्या. मास्तर हळूहळू बोलायला लागले, वकील शेवटपर्यंत बोलले नाहीत. मी त्या गावात आणखी तीन वर्षं काढली. बाजारच्या दिवशी मला खोलीत थांबवत नसे. पाळी नसली तरी मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन शिपायाच्या शेजारी उभी राहायची. गल्ली पुढं बंद, आत गाडी वळवायला जागा नाही. पेशंट उतरवली की गाडी मागं घ्यावी लागायची आणि त्याला चांगली दोन माणसं लागत. एक चाकाला, एक बैलांपुढं. मी बैलांपुढं राहायला शिकले.

एकदा अशीच गाडी मागं घेत होते. आत बाई पोचली होती, आया एकटी होती, आणि मला कधी एकदा आत पळते असं झालं होतं. मी कासरा ओढत होते, बैलांना रेटत होते, आणि बैल माना झाडून जागच्या जागी पाय आपटत होते. चाकापाशी गाडीवान होता. तो म्हणाला, "बाई, लय घाई करता तुमी. बैलाला मागचं दिसत न्हाई. त्येला येळ द्या."

मी कासरा सैल सोडला. बैलांनी एक पाऊल मागं टाकलं, थांबले, मग दुसरं. गाडी पेठेत निघाली तेव्हा आतून आयेची हाक आली आणि मी पिशवी घ्यायला धावले.